डेबियन फोल्डर

डेबियन फोल्डर : मुक्तस्रोत प्रोग्रॅमचा मूळ सोर्स कोड आणि तो डेबियन या लिनक्स डिस्ट्रोत (लिनक्सवर उभारलेल्या तयार संगणकप्रणालीत) बसवण्यासाठी लागणाऱ्या फायली वेगळ्या ठेवण्याच्या प्रथेतला कळीचा भाग. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना या व्यवहारात ‘अपस्ट्रीम’ म्हणतात आणि डिस्ट्रोसाठी त्याचे पॅकेज तयार करणाऱ्याला ‘मेंटेनर’. पॅकेजचे नाव, ते कशावर अवलंबून आहे, ते बांधायचे (सोर्स कोडपासून तयार करायचे) कसे, परवाना कोणता आणि मागच्या खेपेनंतर काय बदलले, हे सगळे मेंटेनर लिहितो. कंट्रोल (नाव आणि अवलंबन), रूल्स (बांधणीची कृती), चेंजलॉग (बदलांची नोंद), कॉपीराइट (परवाना) आणि गरजेप्रमाणे इतर फायली ‘डेबियन’ नावाच्या एकाच फोल्डरमध्ये असतात. हा फोल्डर सोर्सच्या अगदी वरच्या पातळीवर आणि नेमक्या याच नावाने असावा लागतो. पुढची बरीचशी भांडणे या एका अटीतून निघाली आहेत.

ही फारकत पॅकेजच्या आवृत्ती क्रमांकातही दिसते. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींचा हात लागलेला लोहित देवनागरी हा फॉन्ट लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांच्या नजरेखालून गेलेला असतो. डेबियनमध्ये त्याच्या एका पॅकेजचा क्रमांक २.९५.४-४ असा आहे. शेवटच्या आडव्या रेघेच्या अलीकडचा भाग अपस्ट्रीमचा, पलीकडचा चार मेंटेनरचा. कंट्रोल फाइलमधली एखादी ओळ सुधारायची असेल तर फक्त चाराचे पाच करायचे. फॉन्ट बनवणाऱ्यांना काही कळवायची गरज नाही आणि त्यांच्या टारबॉललाही, म्हणजे सोर्सच्या एकत्र बांधलेल्या संग्रहालाही, हात लागत नाही. हीच ओळ अपस्ट्रीमच्या टारबॉलमध्ये असती, तर तेवढ्यासाठी फॉन्टची नवी आवृत्ती काढावी लागली असती. दोघांची घड्याळे वेगळी चालतात. डेबियनचे नियम आणि लायब्ररी पॅकेजांची नावे दर स्थिर आवृत्तीगणिक बदलतात. डेबियनवर आधारलेल्या उबंटू या डिस्ट्रोचे वेगळेच असते. या सगळ्यांना पुरेल असा एकच फोल्डर अपस्ट्रीमने द्यावा ही अपेक्षाच अवाजवी आहे. म्हणून डेबियनची अपस्ट्रीमला विनंती असते, की आपल्या टारबॉलमध्ये हा फोल्डर घालू नका. मदत म्हणून घातलेला फोल्डर बहुधा दोन वर्षांपूर्वीच शिळा झालेला असतो, हा मेंटेनर मंडळींचा नेहमीचा अनुभव.

जुन्या १.० स्वरूपात तर अशी मदत चांगलीच महागात पडे. त्या वेळी सोर्स पॅकेज तीन फायलींचे असे: अपस्ट्रीमचा ‘ओरिग’ टारबॉल, मेंटेनरचे सगळे बदल एकत्र कोंबलेली एक डिफ फाइल आणि दोहोंचे चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचे आकडे) नोंदवणारी डीएससी फाइल. या डिफला फाइल पुसता येत नसे. त्यामुळे अपस्ट्रीमच्या डेबियन फोल्डरमध्ये नको असलेली ‘इन्स्टॉल’ फाइल असली, तर मेंटेनरने ती काढली तरी सोर्स उघडल्यावर ती पुन्हा हजर होई, आणि पॅकेज बांधायला मदत करणारी डेबहेल्परची साधने तिलाच खरी मानून कामाला लागत. मग कोणी रूल्स फाइलमधून तिला दरवेळी बाजूला करी, तर कोणी अपस्ट्रीमचा टारबॉलच उघडून नव्याने बांधी. मूळ टारबॉल जसाच्या तसा राखायच्या तत्त्वाला दुसऱ्या उपायाने तडा जाई. डिफमध्ये बायनरी फाइलही बसत नसे. एखादे चिन्ह घालायचे तर ते आधी यूयूएन्कोड करून मजकुरात बदलावे लागे.

‘३.० क्विल्ट’ या स्वरूपाने यातले बहुतेक काटे काढले. यात डेबियन फोल्डरचा स्वतंत्र टारबॉल असतो. सोर्स उघडताना अपस्ट्रीमने दिलेला त्या नावाचा फोल्डर आधी पुसला जातो, मगच मेंटेनरचा ठेवला जातो. अपस्ट्रीमच्या कोडमधले बदल डेबियन फोल्डरच्या आत ‘पॅचेस’मध्ये सुट्या पॅच फायली म्हणून राहतात आणि ‘सिरीज’ नावाची फाइल त्यांचा क्रम सांगते. प्रत्येक पॅचच्या डोक्यावर तो कशासाठी, कुठून आला आणि अपस्ट्रीमला कळवला की नाही, हे लिहायचा संकेत आहे. त्याला डेप-३ म्हणतात. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिट या साधनावर काम करणाऱ्यांचा ताप मात्र पूर्ण गेलेला नाही. अपस्ट्रीमची शाखा आपल्या शाखेत मिसळताना दोन्हीकडे चेंजलॉग असेल, तर दर नव्या आवृत्तीला तोच संघर्ष हाताने सोडवत बसावे लागते.

मूळ कोड आणि बदल वेगळे ठेवण्याचे मोल ओपनएसएसएल या सांकेतिकीकरणाच्या लायब्ररीच्या प्रकरणावरून कळते. २००६ मध्ये डेबियनच्या पॅकेजमध्ये त्या लायब्ररीच्या यादृच्छिक संख्या बनवणाऱ्या भागातल्या दोन ओळी निष्प्रभ करण्यात आल्या. स्मृती तपासणारे व्हॅलग्राइंड हे साधन त्यांवर इशारे देत होते, एवढेच निमित्त. परिणाम असा झाला, की किल्ल्या बनवताना खरी अनिश्चितता उरली ती प्रोसेसच्या (चालू प्रोग्रॅमच्या) क्रमांकापुरती, म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या जेमतेम ३२,७६८ शक्यता. मे २००८ मध्ये हे उघड झाले आणि डेबियन व उबंटूवर तयार झालेल्या एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याच्या, असंख्य किल्ल्या रद्द कराव्या लागल्या. दोष डेबियनच्या बदलात होता, ओपनएसएसएलच्या मूळ कोडमध्ये नव्हता. मूळ टारबॉल आणि बदल वेगळे असल्यानेच हे निःसंशय दाखवता आले. फारकतीने चूक टळत नाही, पण ती कोणाच्या दारातली हे कळते.

इतरत्र हा वाद इतका पेटत नाही. रेड हॅट, फेडोरा अशा डिस्ट्रोंच्या आरपीएम या पॅकेज-रचनेत मूळ सोर्स अस्पर्श ठेवण्याचे तत्त्व पहिल्यापासून आहे आणि तिथली स्पेक फाइल (पॅकेज बांधायच्या सूचनांची फाइल) सोर्सच्या झाडाबाहेर राहते. अपस्ट्रीमने स्वतःची स्पेक फाइल दिली तरी ती कोपऱ्यात पडून राहते, कोणाच्या पायात येत नाही. फेडोरा स्पेक आणि पॅच गिटमध्ये ठेवतो, टारबॉल वेगळ्या साठ्यात. फ्रीबीएसडी या युनिक्ससारख्या प्रणालीच्या पोर्टसमध्ये तर टारबॉलऐवजी त्याचा पत्ता, चेकसम, बांधणीच्या सूचना आणि पॅच असतात.

नियमाला अपवाद आहेत. डीपीकेजी, एपीटी, डेबहेल्पर ही पॅकेजे बसवण्या-बांधण्याची डेबियनची घरचीच साधने. त्यांना वेगळा अपस्ट्रीम नाही, म्हणून त्यांचा फोल्डर कोडसोबतच राहतो. अशा पॅकेजांना ‘नेटिव्ह’ म्हणतात आणि त्यांच्या क्रमांकात सहसा आडवी रेघ नसते. काही अपस्ट्रीमना रोजच्या चाचणीसाठी स्वतःचे डेब पॅकेज बनवायचे असते. त्यांनी तो फोल्डर वेगळ्या शाखेत किंवा ‘कॉन्ट्रिब’सारख्या उपफोल्डरमध्ये ठेवला, की कोणाचे काही अडत नाही. लेखक आणि मेंटेनर एकच व्यक्ती असली तरी वेगळे ठेवणेच बरे. उद्या मेंटेनर बदलू शकतो.

मूळ टारबॉल अस्पर्श ठेवण्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती मार्च २०२४ मध्ये दिसली. एक्सझेड या संक्षेपण साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला. तो जागा करणारी एम४ फाइल (बांधणीच्या तयारीची स्क्रिप्ट) गिटमध्ये नव्हती, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये होती. डिस्ट्रोंनी तो टारबॉल प्रामाणिकपणे जसाच्या तसा उचलला होता. तेव्हापासून टारबॉलऐवजी गिटमधल्या टॅगवरून (आवृत्तीची खूण लावलेल्या कोडवरून) पॅकेज बांधावे, असा आग्रह डेबियनमध्ये वाढला आहे. त्या चोरदरवाजाच्या बांधणी-स्क्रिप्टमध्ये एक अट होती: सोर्समध्ये डेबियन फोल्डरातली रूल्स फाइल दिसली किंवा आरपीएमची बांधणी चालू असल्याची खूण मिळाली, तरच पुढे जायचे. एक्सझेडच्या टारबॉलमध्ये ती फाइल नसते, म्हणून ती दिसली की बांधणारा डिस्ट्रोचा आहे हे हल्लेखोराला आयतेच कळत होते.