फिल्टरचे दोन काटे, नाकपुड्या दोन

रावेरकडे माझ्या मावसभावाची केळी आहे. मोटर सुरू झाली की तो झाडांकडे बघत नाही, आधी ठिबकच्या फिल्टरवरचे दाबाचे दोन काटे बघतो. एक फिल्टरच्या अलीकडे, एक पलीकडे. दोघांतला फरक अर्ध्या किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो) आसपास गेला की फिल्टर चोक झाला, बॅकवॉश मारा, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवा. उघडून बघायची गरजच नाही.

गेल्या हिवाळ्यात त्याचंच नाक चोंदलं. "हाड वाढलंय भो," हे त्याचं निदान. आपल्याकडे प्रत्येकाचं हाडच वाढलेलं असतं! बहुतेकदा नाकाचा मधला पडदा वाकडा असतो, नाहीतर आतलं अस्तर सुजलेलं असतं. वाकडेपणा डॉक्टरला टॉर्चने दिसतो. हवा किती अडते ते मात्र टॉर्चला कळत नाही.

ते कळतं ऱ्हायनोमॅनोमेट्रीने, म्हणजे नाकातला हवेचा अडथळा मोजायच्या चाचणीने, आणि तिथेही दोन काटेच आहेत: नाकाच्या पुढे दाब किती, मागे घशाजवळ किती. त्या फरकाला दर सेकंदाला वाहणाऱ्या हवेने भागलं की अडथळ्याचा आकडा मिळतो. पण मागचा काटा लावायचा कुठे? घशापर्यंत नळी घालू द्यायला कोण तयार होईल? इथली युक्ती मला फार आवडते. एक नाकपुडी टेपने बंद करून तिच्यात बारीक नळी बसवतात. त्या बाजूने हवा वाहतच नाही, म्हणून वाटेत दाब घटत नाही. मागे जो दाब, तोच नळीत. बंद नाकपुडीच मागचा काटा होते. दुसरीने माणूस मास्कमध्ये श्वास घेतो आणि तिचं माप निघतं. मग बाजू बदलायची. आकड्यांची तुलना करता यावी म्हणून अडथळा 150 पास्कल फरकावर वाचायची पद्धत आहे. म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर पाण्याचा दाब, ठिबकच्या अर्ध्या किलोचा तीनशेवा भागही नाही.

एवढ्याशा दाबावर चालणाऱ्या वाटेत थोडी सूजही महागात पडते. गोल नळीतून संथ वाहणारा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. त्रिज्या 20 टक्क्यांनी घटली की प्रवाह निम्म्याच्याही खाली येतो. नाक काही गोल नळी नाही आणि आत हवा भोवरेही घेते, पण हिशोबाचा कल तोच.

मग बाम लावल्यावर नाक मोकळं कसं होतं? होत नाही, तसं वाटतं. बाममधलं मेंथॉल थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं. मोजायला गेलं तर अडथळा जवळपास तेवढाच. 'मला किती चोंदल्यासारखं वाटतं' आणि 'किती हवा जाते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून तर मोजायचं.

घरच्या घरी बघायचं तर स्टीलची थंड ताटली नाकाखाली धरा. वाफेचे दोन डाग उमटतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेंड्रिक झ्वार्डेमाकर हा डच शास्त्रज्ञ थंड आरशावर हेच बघत होता. (खानदेशात मे महिन्यात हा प्रयोग करू नका. ताटलीच श्वासाहून गरम असते, डाग पडणार कुठून? आधी ती माठाच्या पाण्यात बुडवावी लागते.) मावसभावाचा डावा डाग लहान आला. दुपारी पुन्हा धरली तर उजवा लहान. "मग हाड तिकडे सरकलं का?"

हाड नव्हे, पाळी बदलली. अस्तरातल्या रक्तवाहिन्या काही तासांनी आलटून पालटून फुगतात, हे रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने 1895 मध्ये नोंदवलं. चंद्रस्वर-सूर्यस्वर, म्हणजे श्वास डाव्या नाकपुडीतून चाललाय की उजव्या, हे बघणाऱ्यांना ही अदलाबदल ठाऊक असते. म्हणून एकाच नाकपुडीच्या एका वेळच्या आकड्यावर निकाल देत नाहीत, दोन्हींचा मिळून अडथळा बघतात.

आणि एकदा मोजून थांबत नाहीत. सूज उतरवणारा स्प्रे मारून पुन्हा मोजतात. अडथळा बराच उतरला तर दोष अस्तराचा. जवळपास तेवढाच राहिला तर पडदा किंवा हाडाची ठेवणच अरुंद. हा स्प्रे मेडिकलमधून आणून रोज मारायचा नाही, काही दिवसांनी तोच नाक चोंदवायला लागतो.

मावसभावाने हे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे बॅकवॉश मारून काटा उतरतो का बघायचं. नाही उतरला तर पाइपच बारीक टाकलाय."