खडक फुगत नाही, तुंबतो

गोडं पाणी शिरलं की तेल असलेल्या खडकातली माती फुगते आणि तेलाची वाट बंद होते, हा समज फार जुना. त्या मातीत स्मेक्टाइट, म्हणजे पाणी पिऊन फुगणारं खनिज, असेल तर तो खराही आहे. पण अमेरिकेतल्या बेरिया वालुकाश्मात मुख्यतः केओलिनाइट आणि इलाइट ही मातीची खनिजं. ते फुगतच नाहीत म्हणा ना. तरी 3 टक्के मिठाच्या पाण्यामागून गोडं पाणी सोडलं की पारगम्यता (खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता) मूळच्या 1 टक्क्याखाली येते.

मीठ साधारण 0.4 टक्क्यांखाली गेलं की मातीचे कण आणि खडकातल्या छिद्राची भिंत एकमेकांना लोटतात. सुटलेले कण वाहत जाऊन छिद्रांच्या अरुंद गळ्यांत अडकतात. प्रवाह उलटा करा: वाट थोडा वेळ मोकळी होते, मग पुन्हा तुंबते. फुगलेली माती असं करणार नाही! म्हणून मिठाचं प्रमाण एकदम नको, हळूहळू उतरवा.