थायोपेंटोन सोडियम

शिरेतून दिल्यावर काही सेकंदांत भूल चढवणारे आणि अल्पकाळ परिणाम करणारे बार्बिट्युरेट गटातील (मेंदूचे काम मंदावणारे) औषध. अ‍ॅबट कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्नेस्ट वोल्विलर आणि डोनाली टॅबर्न यांनी ते तयार केले. १९३४ मध्ये अमेरिकेत राल्फ वॉटर्स आणि जॉन लंडी यांनी ते रुग्णांवर वापरायला सुरुवात केली. प्रोपोफॉल हे भुलीचे नवे औषध आल्यापासून त्याचा वापर बराच घटला. तरी इतर औषधांना न जुमानणारी आकडी आणि कवटीतील वाढलेला दाब यांसाठी त्याची गरज आजही पडते, कारण ते मेंदूची ऑक्सिजनची गरज निम्म्यापर्यंत खाली आणू शकते.

त्याचा परिणाम अल्पकाळ टिकतो हे फसवे असते. औषध चरबीत सहज विरघळते, त्यामुळे भरपूर रक्तपुरवठा असलेल्या मेंदूत ते लगेच शिरते आणि सुमारे ३० सेकंदांत शुद्ध हरपते. ५ ते १० मिनिटांत रुग्ण जागा होऊ लागतो, तो औषध शरीराबाहेर गेले म्हणून नव्हे, तर ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि पुढे चरबीत पसरले म्हणून. यकृत त्याचे विघटन सावकाश करते. अर्धायुकाल (रक्तातील औषध निम्मे होण्यास लागणारा वेळ) ११ तासांच्या आसपास असतो. पुन्हा पुन्हा मात्रा दिल्यास ते साठत जाते आणि रुग्ण तासन्‌तास गुंगीत राहतो. म्हणून भूल चढवण्यासाठी ते उत्तम, तासभर टिकवण्यासाठी नाही.

फिकट पिवळी, लसणासारख्या वासाची ही पूड असते. ५०० मिग्रॅ पूड २० मिली निर्जंतुक पाण्यात विरघळवली की २.५ टक्क्यांचे द्रावण होते, म्हणजे दर मिलीत २५ मिग्रॅ. ते २४ तासांत वापरावे. गढूळ दिसल्यास टाकून द्यावे. द्रावण तीव्र अल्कधर्मी (पीएच १० च्या वर) असते. सक्सिनिलकोलीन किंवा व्हेक्युरोनियम ही स्नायू सैल करणारी औषधे त्याच नळीतून पाठोपाठ दिल्यास साका धरतो आणि सुई बंद पडते; रुग्ण बेशुद्ध आणि शिरेचा मार्ग नाही, अशी अवघड वेळ येते. मध्ये सलाईनने नळी धुऊन घेतली की हा धोका टळतो.

निरोगी प्रौढाला दर किलोमागे ३ ते ५ मिग्रॅ पुरते. ६० किलोच्या व्यक्तीला ७ ते १२ मिली. वृद्धांना मात्रा कमी लागते. रक्तस्राव झालेल्या किंवा हृदय अशक्त असलेल्या रुग्णात रक्त सावकाश फिरते, त्यामुळे झोप उशिरा लागते. अशा वेळी घाईने आणखी औषध टोचणे ही सर्वांत घातक चूक; दोन्ही मात्रांचा परिणाम एकदम होऊन रक्तदाब कोसळतो. कमी मात्रा, सावकाश, आणि वाट पाहणे हाच मार्ग.

हे वेदनाशामक नाही. भूल उथळ असताना घशात नळी किंवा चिमटा घातला तर स्वरयंत्र आवळते. पूर्ण मात्रेने श्वास काही काळ थांबतो. म्हणून ऑक्सिजन, मास्क-पिशवी, सक्शन आणि श्वासनलिकेत घालायची नळी हाताशी असल्याखेरीज सिरिंज उचलूच नये.

कोपराच्या खाचेत धमनी शिरेजवळ असते, त्यामुळे हाताच्या पाठीवरील शीर बरी. औषध चुकून धमनीत गेले तर त्याचे स्फटिक बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बोटांपर्यंत जळजळीत कळ येते, हात पांढरा पडतो आणि पुढे गँगरीनची भीती असते. आधी १ ते २ मिली देऊन क्षणभर थांबावे आणि हात दुखतो का ते विचारावे. दुखत असल्यास औषध थांबवावे, पण सुई काढू नये. तिच्यातूनच सलाईन आणि रक्तवाहिन्या रुंदावणारे पॅपाव्हेरीन देता येते. नंतर रक्त गोठू न देणारे हेपारिन आणि हाताच्या मज्जातंतूंचा ब्लॉक (त्यांना बधिर करणे) यांचा विचार होतो. शिरेबाहेर सांडलेले औषधही त्वचा जाळते.

तीव्र पोर्फिरिया (शरीरात हीम हे रक्तातले रंगद्रव्य बनण्यातील दोषाचा आनुवंशिक आजार) असलेल्यांना हे औषध पूर्णतः वर्ज्य आहे. त्याने यकृतातील एएलए सिंथेज हे हीम बनवण्याची सुरुवात करणारे विकर वाढते आणि पोटदुखी, लकवा यांचा जीवघेणा झटका येऊ शकतो. कुटुंबात असा आजार आहे का, हे भूल देण्याआधीच विचारावे. असल्यास प्रोपोफॉल निवडावे.