जास्त ल्युमेन म्हणजे जास्त चांगली टॉर्च?

खोक्यावर '१०,००० ल्युमेन' छापलं की टॉर्च भारी, हा समज काही केल्या जात नाही. ल्युमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती लांब पोचेल हे ठरवते कँडेला, म्हणजे झोताची तीव्रता. टॉर्च मोजण्याच्या एफएल-१ या मानकानुसार उजेड पाव लक्स उरतो तिथपर्यंत पल्ला धरतात (पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं, बरं का!). त्या हिशेबाने १०,००० कँडेलाचा पल्ला २०० मीटर. तो दुप्पट करायचा तर कँडेला चौपट हवेत.

खरी गोम ड्रायव्हरमध्ये असते. एलईडीला किती करंट द्यायचा हे ठरवणारं हे सर्किट. साध्या सर्किटमध्ये बॅटरी उतरू लागली की उजेडही उतरतो. चांगला बक (व्होल्टेज कमी करणारा) किंवा बूस्ट (वाढवणारा) ड्रायव्हर तो बराच वेळ एकसारखा ठेवतो. उष्णतेपुढे मात्र त्याचंही चालत नाही. मुठीत मावणाऱ्या टॉर्चला हजारो ल्युमेनची उष्णता बाहेर टाकायला जागाच नसते, म्हणून टर्बो मोड, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाचा मोड, बहुधा मिनिट-दोन मिनिटांत आपणहून खाली येतो. खोक्यावरचा 'रनटाइम' तर उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो!

आणि रंग? सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी अंक. तो ७० च्या आसपास असलेल्या एलईडीखाली लाल आणि तपकिरी वायर ओळखताना गफलत होऊ शकते. ९० च्या पुढे फरक नीट कळतो. त्यापायी थोडे ल्युमेन कमी होतात. होऊ देत की. १,००० चे ८०० झाले तरी डोळ्यांना फारसं जाणवत नाही.