नाव माशीचं, काम कोळंबीचं

आमचा भुसावळचा आतेभाऊ फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे गळाला खोटी माशी (फ्लाय) बांधून मासे धरायला, थेट पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटी देशातल्या ख्रिसमस बेटावर जाऊन आला. परत आल्यावर जळगावला आमच्याकडे भरीत अन् कळण्याची भाकरी हाणत होता, तेव्हा आजीने विचारलं किती मासे आणले, तर म्हणे एकही नाही, सगळे सोडून दिले. आजी म्हणे, "मासा धरीसन सोडी देवाना, मंग इतला दूर जावानं कसाले?"

प्रश्न बरोबरच आहे, पण हे फ्लाय फिशिंगचं प्रकरण जुनं आहे. इ.स. 200 च्या आसपास एलियन नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय की मॅसेडोनियातले लोक गळाला लाल लोकर अन् कोंबड्याची पिसं बांधून, म्हणजे खोटी माशी करून, नदीतला मासा फसवतात. पुढे इंग्रजांनी थंड नद्यांमधल्या ट्राउट, सॅमनसाठी त्याचा पार शौकच केला. आपल्याकडे तापीवर कणकेची गोळी नाहीतर गांडूळ लावतात, तिथे गळ लांब फेकायला शिशाचं वजन लागतं, फ्लाय फिशिंगमध्ये मात्र पिसाला वजनच नाही म्हणून जाड दोरीच चाबकासारखी फिरवून फेकायची. पण ही दोरी रेशमाची, काठी बांबूची, खाऱ्या पाण्यात दोघांची वाट लागायची. नायलॉन, फायबरग्लास आलं तेव्हा कुठे समुद्रातलं काम सोपं झालं.

आता भुसावळकरांच्या आवडीची गोष्ट. अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या बेटांवरून 1912 मध्ये रेल्वे पार टोकाच्या 'की वेस्ट' गावापर्यंत गेली, श्रीमंत शौकीन तिनेच मासे धरायला यायचे, 1935 च्या वादळात ती उद्ध्वस्त झाली अन् तिच्याच पुलांवरून 1938 मध्ये मोटारीचा रस्ता झाला. याच पट्ट्यात इस्लामोराडाला 1947 मध्ये जो ब्रूक्स नावाच्या अमेरिकन लेखकाने फ्लायवर बोनफिश हा उथळ समुद्रातला चपळ मासा धरला अन् मग त्याबद्दल इतकं लिहिलं की लोकांना वेडच लागलं. मासा एकदाच धरून संपवण्याइतका स्वस्त नाही, हे ली वुल्फ नावाचा अमेरिकन मासेमार लेखक 1939 मध्येच सांगून गेला होता, म्हणून सोडून देणं. शिवाय बोनफिशला काटे भयंकर, नावातच हाड आहे (आजीला एवढंच पटलं).

ख्रिसमस बेटाचं नशीब मात्र विचित्र. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक 24 डिसेंबर 1777 ला पोचला म्हणून हे नाव, तिथले लोक किरितिमाती असं लिहितात पण वाचतात किरिसमास. 1957-58 मध्ये ब्रिटिशांनी अन् 1962 मध्ये अमेरिकेने त्याच भागात अणुबॉम्ब, हायड्रोजन बॉम्ब फोडून पाहिले. 1979 मध्ये किरिबाटी स्वतंत्र झाला, आता तिथल्या गुडघाभर पाण्यात लोक बोनफिशसाठी काठी घेऊन तासन्‌तास चालतात.

आणि गंमत म्हणजे त्या पाण्यात माशीचा संबंधच नाही. बोनफिश खातो कोळंबी, खेकडे, म्हणून फ्लायही तशीच बांधतात. बहामातल्या अँड्रॉस बेटावरची 'क्रेझी चार्ली' घ्या, तिला मण्यांच्या साखळीचे जड डोळे असतात, त्याने ती उलटी होते, गळाचं टोक वर राहतं अन् तळाला अडकत नाही. भाऊने तसलीच एक टोपीला टोचून आणलीय.