आगीच्या पाट्या निवडताना आधी अंधाराचा विचार करा

बऱ्याच ऑफिसात फायर सेफ्टीच्या पाट्या म्हणजे इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी घाईघाईत आणलेले स्टिकर, जागा दिसली की चिकटवले. खरं तर पाटी निवडायची ती लाइट गेलेत, धूर झालाय आणि माणूस घाबरलाय असं धरून.

भर उजेडात आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा हिरवट पिवळा प्रकाश सगळ्यात जास्त जाणवतो, पण अंधार पडला की डोळ्यातल्या रॉड पेशी काम हातात घेतात आणि हा आकडा ५०७ कडे, म्हणजे निळसर हिरव्याकडे सरकतो, लाल रंग तर जवळपास काळाच दिसतो. त्यामुळे बाहेर पडायच्या रस्त्याला हिरवा रंग सोयीचा. एक्स्टिंग्विशरची पाटी मात्र लालच असते, म्हणून तिथे इमर्जन्सी लाइट हवाच.

नुसत्या रंगावर विसंबायचं नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष काही कमी नाहीत. म्हणून आयएसओ ७०१० या सुरक्षा पाट्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात आकारही ठरलेले आहेत: मनाईला तिरपी रेघ असलेलं लाल वर्तुळ, धोक्याला पिवळा त्रिकोण, 'हे करायलाच हवं' याला निळं वर्तुळ. गंमत अशी की एक्झिट आणि अग्निशमन साहित्य दोन्ही चौकोनीच, तिथे चित्र कामी येतं, लाल पाटीवर ज्वाळा आणि हिरवीवर पळणारा माणूस (तो जपानच्या युकिओ ओता यांच्या डिझाइनवरून आलाय).

साइजचा हिशोब सोपा आहे. बाहेरून उजेड पडणारी पाटी तिच्या उंचीच्या साधारण १०० पट अंतरावरून ओळखता येते, आतून लाइट असलेली २०० पट. म्हणजे २० मीटर लांब पॅसेजला १० सेंटिमीटरची साधी पाटी घेतलीत तर पैसे वाया.

अंधारात चमकणाऱ्या पाट्यांत बहुतेक वेळा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं, ते आधी उजेड पितं आणि मग हळूहळू सोडतं. दिवसभर लाइट बंद असलेल्या स्टोअररूममध्ये अशी पाटी लावली तर ती चमकणार कशाच्या जोरावर? तिथे बॅटरीवाली घ्या.

आणि धूर वर छताला साठतो, तेव्हा वरच्या पाटीसोबत जमिनीलगतही बाण हवेत. पाटी दाराच्या पल्ल्यावर नको, वर किंवा शेजारी भिंतीवर लावा, कारण दार उघडलं की पल्ल्यासोबत पाटीही भिंतीकडे तोंड करून बसते.