लेकरू कुणी विसरतं का?

१८ जून २०१४. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातला कॉब परगणा, अटलांटाला लागूनच. एक तरुण बाप दुपारी मित्रांबरोबर जेवून परततो, वाटेत घेतलेले विजेचे बल्ब ऑफिसबाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीत टाकतो, दार लावतो आणि पुन्हा कामावर जातो. हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलंय. गाडीत मागे, पाठमोऱ्या बसवलेल्या कारसीटमध्ये, त्याचा २२ महिन्यांचा मुलगा सकाळपासून होता. संध्याकाळी ऑफिसातून निघाल्यावर आपल्याला ते कळलं, असं बाप म्हणाला. हा विसरलाच नव्हता, याने मुलाला मरायला ठेवलं, असं सरकारी वकील म्हणाले.

२०१६ मध्ये ज्युरीने त्याला खुनासाठी दोषी धरलं. पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. २०२२ मध्ये जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती खुनाची शिक्षा रद्द केली. पुरावाच नव्हता असं काही न्यायालय म्हणालं नाही. पण बापाची बाहेरची लफडी, त्याने बायकांना पाठवलेले मेसेज याचा एवढा ढीग ज्युरीपुढे ओतला गेला की खटला खुनाचा न राहता चारित्र्याचा झाला, हा बहुमताचा मुद्दा होता. २०२३ मध्ये सरकारी पक्षाने खुनाचा खटला पुन्हा न चालवण्याचं ठरवलं. म्हणजे तो माणूस विसरला की नाही, याचं कायद्याने दिलेलं पक्कं उत्तर आजही नाही.

माझी मावसबहीण त्याच भागात राहते. तिचं बाळ तेव्हा जेमतेम चार महिन्यांचं. आमच्या भावंडांच्या ग्रुपवर आठवडाभर नुसता गदारोळ होता. मामेभावाचं एक वाक्य मला पाठ आहे: "माणूस छत्री विसरतो, पाकीट विसरतो. लेकरू कुणी विसरतं का?"

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तिकडून अशी बातमी आली की हेच वाक्य नव्याने ऐकू येतं. १९९८ पासून अमेरिकेत तापलेल्या गाडीत दरवर्षी सरासरी ३७-३८ मुलं दगावली आहेत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त विसरली गेलेली. आपल्याकडे गाडीतले मृत्यू होतात ते बरेचदा वेगळ्या प्रकारचे. जून २०२३ मध्ये नागपुरात हरवलेली तीन लहान मुलं एका बंद उभ्या गाडीत मृत सापडली. खेळता खेळता आत शिरणं आणि दार न उघडणं, हा तो प्रकार. तोही भयंकरच, पण आज विषय विसरण्याचा आहे.

आधी उन्हाचं थोडक्यात. "काच थोडी खाली होती" किंवा "बाहेर फार ऊन नव्हतं" असं बरेच जण म्हणतात. २००५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २२ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दिवसांत उन्हात बंद गाडी ठेवून मोजलं. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच दीड इंच उघडी ठेवून फारसा फरक पडला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अ‍ॅरिझोनातल्या मापनात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड तासाभरात ६९ अंशांवर गेला, सीट ५१ वर. काचेतून ऊन आत येतं, डॅशबोर्ड तापतो, डॅशबोर्ड हवा तापवतो आणि ती हवा बाहेर जाऊ शकत नाही, एवढंच ते आहे. मुलाचं शरीर आकाराने लहान, वजनाच्या मानाने त्वचा जास्त, त्यामुळे ते मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. त्याच अ‍ॅरिझोनाच्या गणितानुसार दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचं तापमान उन्हातल्या गाडीत तासाभरात ४० अंशांना पोचेल, सावलीतल्या गाडीत दोन तासांच्या आत. सावली थोडा वेळ वाढवून देते, मूल वाचवत नाही.

आता मामेभावाच्या वाक्याकडे. त्यात एक सिद्धांत दडलाय: मेंदू महत्त्वाच्या क्रमाने आठवणी सांभाळतो. छत्री खालच्या कप्प्यात, लेकरू सगळ्यात वरच्या. असं असतं तर किती बरं झालं असतं. पण मेंदूची ही कपाटं महत्त्वावर लावलेली नाहीत, आणि हे फार सुंदर दाखवून देणारा एक प्रयोग आहे. मला तो इतका आवडतो की लग्नकार्यातसुद्धा मी लोकांना पकडून सांगितलाय. जरा सविस्तर सांगतो.

अधिकच्या चिन्हासारखा एक चौक बनवा, चार दिशांना चार गल्ल्या. उंदराला रोज दक्षिणेच्या टोकाशी सोडायचं आणि खाऊ रोज पश्चिमेच्या टोकाशी ठेवायचा. उंदीर चौकात येतो, डावीकडे वळतो, खाऊ मिळतो. काही दिवसांत तो हे बिनचूक करू लागतो. पण तो नेमकं काय शिकला? "खाऊ त्या खिडकीकडच्या बाजूला असतो" हे, की "चौक आला की डावीकडे वळ" हे? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

मार्क पॅकार्ड आणि जेम्स मॅक्गॉ यांनी १९९६ मध्ये ओळखायची सोपी युक्ती वापरली. एके दिवशी उंदराला उलट्या, म्हणजे उत्तरेच्या टोकाशी सोडायचं. जागा शिकला असेल तर तो आता उजवीकडे वळून पश्चिमेलाच जाईल. वळण शिकला असेल तर डावीकडे वळेल आणि रिकाम्या पूर्वेच्या गल्लीत पोचेल. आठव्या दिवशी ही परीक्षा घेतली तेव्हा बहुतेक उंदीर बरोबर जागेवर गेले. सोळाव्या दिवशी घेतली तेव्हा बहुतेक उंदीर डावीकडे वळले आणि चुकले. जास्त सराव केलेले उंदीर चुकले! एका आठवड्यात नकाशाची जागा सवयीने घेतली होती.

इथपर्यंत नुसती गंमत. खरी कमाल पुढे आहे. दाताचा डॉक्टर जे बधिर करणारं औषध टोचतो ना, लिडोकेन, ते त्यांनी मेंदूच्या एकेका भागात टोचलं. आठव्या दिवशी हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागांच्या आठवणी सांभाळणारा भाग, बधिर केला, तर उंदराला जागा सापडेना. नकाशा तिथे होता. सोळाव्या दिवशी हिप्पोकॅम्पस बधिर केला, तर काहीच फरक नाही, उंदीर आपले डावीकडेच. मग सोळाव्या दिवशी कॉडेट नावाचा भाग बधिर केला. हा खोल मेंदूतल्या बेसल गँग्लियाचा तुकडा, सवयींचं कोठार. आणि उंदीर पुन्हा बरोबर पश्चिमेला गेले.

नकाशा पुसलाच गेला नव्हता. तो शाबूत होता, फक्त त्याला बोलू दिलं जात नव्हतं. सवय पुढे येऊन बसली होती आणि तिला गप्प केल्याबरोबर नकाशाने तोंड उघडलं.

हे कळल्यावर "विसरणं" या शब्दाचाच अर्थ बदलतो. आठवण मेंदूत नसणं वेगळं आणि आठवण असूनही वागण्यात न उतरणं वेगळं. "आज मुलाला मी सोडणार आहे" ही पुढे करायच्या कामाची आठवण. तिला हिप्पोकॅम्पस लागतो, कपाळामागचा मेंदूचा भाग लागतो, आणि मुख्य म्हणजे योग्य क्षणी कुणीतरी कोपराने ढोसावं लागतं. घर ते ऑफिस ही सवय. तिला कुणी ढोसावं लागत नाही, सिग्नल दिसला की स्टिअरिंग आपोआप वळतं. एमआयटीतल्या अ‍ॅन ग्रेबिएल यांनी टी आकाराच्या वाटेवर धावणाऱ्या उंदरांच्या स्ट्रायाटममधल्या (कॉडेट ज्याचा भाग आहे त्या जागेतल्या) पेशींचे संदेश मोजले, त्यात याचा जणू ठसाच दिसतो. शिकताना त्या पेशी अख्ख्या वाटेवर बोलत असतात. सवय पक्की झाल्यावर फक्त सुरुवातीला आणि शेवटी बोलतात. मधला सगळा प्रवास एका गाठोड्यात बांधलेला, आणि गाठोडं एकदा निघालं की मध्ये शिरायला फट सापडत नाही.

त्यात झोप कमी झालेली असेल, डोक्यावर ताण असेल, तर पारडं आणखी सवयीकडे झुकतं. २००९ च्या एका जर्मन प्रयोगात लोकांना बर्फाळ पाण्यात हात ठेवायला लावून ताण दिला. ती माणसं पोटभर खाऊन झालेल्या पदार्थासाठीसुद्धा आधी शिकल्याप्रमाणे निवड करत राहिली. हवंय की नाही, हा प्रश्न हाताला विचारलाच गेला नाही. आणि घरात दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्या आईबापांची झोप आणि ताण मी वेगळे सांगायला हवेत का?

आता कोपराने ढोसायचं काम कोण करणार? मूल. रडून, हसून, आरशात दिसून. पण मूल झोपलंय. कारसीट पाठमोरी आहे. पुढच्या सीटवरून वळून पाहिलंत तर भरलेली आणि रिकामी कारसीट अगदी एकसारखी दिसते. फक्त प्लास्टिकची पाठ. गंमत नव्हे, दुर्दैव म्हणा, ही मांडणी मुलांना वाचवण्यासाठीच आली. नव्वदच्या दशकात पुढच्या सीटच्या एअरबॅगांचा लहान मुलांना धक्का बसून मृत्यू होऊ लागले, म्हणून मुलं मागे गेली. अपघातातले जीव वाचले, आणि मूल नजरेआड झालं.

मी स्वतः इस्त्रीचे कपडे मागच्या सीटवर टाकून "वाटेत द्यायचे" म्हणत निघालो आणि ऑफिसच्या गेटपाशी पोचलो, असं डझनभर वेळा झालंय. कपडे दुपारभर गाडीत राहिले, कुणाचं काही बिघडलं नाही, म्हणून मी विसराळू. यंत्रणा मात्र तीच.

इथे दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठातले डेव्हिड डायमंड यांचं नाव घ्यायला हवं. उंदरांच्या ताणावर आणि आठवणींवर काम करणारा हा माणूस गाडीत मुलं दगावण्याच्या प्रकरणांकडे वळला आणि हेच स्पष्टीकरण न्यायालयांत तज्ज्ञ म्हणून मांडत आला. पण त्यांच्या नावाने आता जो उत्साह चाललाय तो मला पटत नाही. "मेंदूविज्ञानाने सिद्ध केलं, आई निर्दोष" असले मथळे चक्क खोटे आहेत. हे विज्ञान सांगतं की प्रेमळ, शहाणा, धडधाकट माणूस असं विसरू शकतो. अमुक माणूस अमुक दिवशी विसरलाच, हे ते सांगू शकत नाही. मेंदूचा कुठलाही स्कॅन चार महिन्यांनी ते दाखवणार नाही. जॉर्जियातल्या त्या बापाने मुलाबरोबर नाश्ता केला ते हॉटेल ऑफिसपासून एका मैलाहूनही जवळ होतं. एवढ्याशा अंतरात कुणी विसरतं का, असं सरकारी वकिलांनी विचारलं. सवयीला वळण घ्यायला एक सिग्नल पुरतो, हे खरं. पण म्हणून तो विसरलाच, असं होत नाही. त्याचा निर्णय पुराव्यानेच व्हायला हवा, आणि तो पुरावा म्हणजे त्याने किती बायकांना मेसेज पाठवले हा नव्हे.

उलट्या बाजूने "जी आई खरंच प्रेम करते तिला विसर पडणं शक्यच नाही, आईचं काळीज असतं" हेही तितकंच बिनबुडाचं. काळीज बेसल गँग्लियाला सूचना देत नाही. स्मरणशक्ती वाढवणाऱ्या ब्राह्मीच्या गोळ्यांच्या जाहिराती करणाऱ्यांनीही इथे हात घालू नये. आठवण कमकुवत नव्हती, तिचा आवाज दाबला गेला होता. आणि गाडीपुढे लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना माझी विनंती, ती मागच्या सीटवर बांधा, निदान मागे वळून बघाल.

विमानवाहतुकीने हे फार आधी ओळखलं. फेब्रुवारी १९९१ मध्ये लॉस एंजलिस विमानतळावर नियंत्रकाने एक छोटं विमान धावपट्टीवर थांबवलं, मध्ये दुसऱ्या कामांची गर्दी झाली, आणि त्याच धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला उतरायची परवानगी दिली गेली. ३५ माणसं गेली. चौकशी मंडळाने मुख्य ठपका ठेवला तो एका माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहणाऱ्या व्यवस्थेवर, कारण त्याचं विसरणं पकडणारी दुसरी तपासणीच तिथे नव्हती. शस्त्रक्रियेच्या खोलीतही नर्स पोट शिवण्याआधी रक्त टिपायचे कापडी बोळे मोजते. सर्जनच्या हेतूवर संशय म्हणून नव्हे.

गाड्यांच्या बाबतीत हा विचार सावकाश पोचतोय. इटलीत नोव्हेंबर २०१९ पासून चार वर्षांखालच्या मुलांच्या कारसीटला, मूल मागे राहिलं तर वाजणारं उपकरण सक्तीचं आहे. अमेरिकन काँग्रेसने २०२१ च्या कायद्यात मागच्या सीटची आठवण करून देणाऱ्या इशाऱ्यासाठी नियम करायला सांगितलं. आज अनेक गाड्यांत असलेला इशारा फक्त एवढंच बघतो की निघताना मागचं दार उघडलं होतं का. मूल आहे की किराणा, हे त्याला कळत नाही, आणि रोज वाजणाऱ्या गोष्टीची पुन्हा सवय होतेच. झोपलेल्या मुलाच्या श्वासाने छातीची होणारी हालचाल टिपणारे रडार खऱ्या कामाचे. युरोपातल्या सुरक्षा चाचणीत २०२३ पासून अशा यंत्रणेला गुण मिळतात. तोवर डे-केअरने मूल न आल्यास पहिल्या अर्ध्या तासात फोन करणं, हे कुठल्याही यंत्राहून स्वस्त आहे.

मावसबहिणीने त्या जूनमध्येच एक नियम केला. पर्स, ऑफिसचं कार्ड, डावा बूट, सगळं मागे, कारसीटच्या पायाशी. अनवाणी पायाने ऑफिसच्या दारात जाता येत नाही ना. मुलगा आता सातवीत आहे, पुढच्या सीटवरून गाणी बदलतो. मागच्या महिन्यात ती पुण्याला आली होती. माझ्या गाडीत बसताना तिने पर्स मागे टाकली आणि डेक्कनला उतरल्यावर ती घ्यायला चक्क विसरली. पुढे का नाही ठेवत, असं विचारलं तर म्हणाली, "अरे, हात तिकडेच जातो."